स्कोअरकार्ड पूर्ण छापा की राव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी आपल्या पेपरात परदेशातल्या मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडलांवर दोन-तीन पत्रं आली होती. एकानं लिहिलं होतं सोन्याचा पिंजरा, दुसऱ्यानं लिहिलं होतं मुलं कामावर आणि म्हातारी खिडकीशी. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या टेक्सासात अर्विंगला असतो, आपला पेपर रोज मोबाइलवर वाचतो, आणि ती पत्रं वाचून आधी राग आला, मग वाटलं त्यात खोटं तरी काय आहे. पण माझं पत्र त्याबद्दल नाही, म्हणजे सुरुवात तिथनंच आहे पण मागणं वेगळं आहे आणि ते शेवटी येतं, तेव्हा तिथपर्यंत वाचून मग काय ती कात्री लावा.

२०२४ च्या मे महिन्यात आई आणि आप्पा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. आईचं आठवड्यात बस्तान बसलं, नात होती, शेजारच्या तेलुगू आजी होत्या, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही पण रोज संध्याकाळी तासभर बोलायच्या. आप्पांचं अवघड. आप्पा पाटबंधारे खात्यातनं ओव्हरसिअर म्हणून रिटायर झालेले, वय शहात्तर, डावा गुडघा दुखरा, इथं गाडी चालवता येत नाही आणि चालत जावं असं काही नाही, कारण साधं दूध आणायचं तरी दोन मैल आणि बाहेर ऊन म्हणाल तर दुपारी ३८ डिग्री. तीन आठवड्यांत त्यांनी घरातले सगळे नळ, कड्या, बिजागऱ्या दुरुस्त करून टाकल्या आणि मग ते खरंच खिडकीशी बसायला लागले. मी मीटिंगमधनं मान वर करून बघायचो आणि परत खाली घालायचो.

आप्पांना वेड एकच, स्कोअरिंग. स्वतः फार खेळले नाहीत, पण तीस-पस्तीस वर्षं रविवारी शिवाजी स्टेडियम नाहीतर शास्त्रीनगरच्या मैदानावर टेबलाशी बसून क्लबांच्या मॅचेसचे स्कोअर त्यांनी लिहिले, मानधन म्हणजे चहा आणि वडा. प्रत्येक बोलरला वेगळ्या रंगाचं पेन, पट्टी, खोडरबर मात्र नाही, खाडाखोड करणारा स्कोअरर त्यांच्या मते स्कोअररच नाही. मी लहान असताना शेजारी बसून "आप्पा, लेगबाय" असं ओरडायचो आणि ते अंपायरचा हात बघितल्याशिवाय लिहायचे नाहीत.

तर जूनमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्डकप आला आणि त्यातल्या काही मॅचेस आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, ग्रँड प्रेरीला. ६ जूनला अमेरिका-पाकिस्तान. तिकिटांचे भाव बघून मी गप्प बसलो, टीव्हीवर लावून दिली. आप्पांनी नातीच्या वहीतली पानं घेतली, पट्टीनं रकाने आखले आणि सकाळी साडेदहापासून बसले. पुढचं सगळ्यांना माहितीच आहे, दोन्हीकडं १५९, टाय, सुपर ओव्हर, अमेरिकेचे १८ आणि मग बोलिंगला आपला सौरभ नेत्रावळकर, मुंबईकडनं रणजी खेळलेला, इथं ऑरॅकलमध्ये इंजिनिअर, आणि पाकिस्तान तेरावरच थांबलं. मी म्यूट केलेल्या मीटिंगमधनं ओरडलो. आप्पा ओरडले नाहीत, त्यांची वेगळीच अडचण झाली होती, सुपर ओव्हर लिहायला पानात जागाच नव्हती, त्यांनी डिंकानं जादा कागद चिकटवला आणि म्हणाले, "हे असलं काही काढायच्या आधी स्कोअररला तरी विचारायचं." पण त्या रात्री नीट जेवले. बायकोच्याही लक्षात आलं.

मॅच संपल्यावर त्यांनी विचारलं, इथं ग्राउंड आधी कसलं होतं रे, तर ते होतं बेसबॉलचं. २००८ ला बेसबॉलसाठी बांधलेलं, आणि २०२३ मध्ये इथली मेजर लीग क्रिकेट सुरू झाली तेव्हा क्रिकेटचं करून घेतलं. आप्पा म्हणाले मग बेसबॉल कुठं गेलं. मी म्हटलं बेसबॉल कुठं जातंय, शेजारी आर्लिंग्टनला केवढं मोठं नवीन स्टेडियम आहे. "मग बघूया की." मला या देशात नऊ वर्षं झाली, मी एकदाही गेलो नव्हतो. कोल्हापूरचा माणूस, क्रिकेट नाहीतर फुटबॉल, बेसबॉल म्हणजे आपल्या मते तीन तास थुंकणारी माणसं. ऑफिसात एकाची दोन तिकिटं उरली होती ती घेतली आणि ऑगस्टातल्या एका रविवारी दुपारी आम्ही दोघंच गेलो. आई म्हणाली, "तुमचं तुम्ही जा, मी एसीत बसते," आणि झिपलॉकच्या पिशवीत भडंग भरून दिलं.

ग्लोब लाइफ फील्ड हे टेक्सास रेंजर्स या बेसबॉल टीमचं मैदान, उघडलं २०२० ला, म्हणजे ऐन कोविडात, पहिल्या सीझनला रेंजर्सच्या मॅचेस रिकाम्या खुर्च्यांपुढं झाल्या. चाळीस हजार लोक बसतात आणि वर सरकणारं छप्पर. गंमत म्हणजे जुनं स्टेडियम अगदी समोरच उभं आहे, लाल विटांचं, कमानी असलेलं, देखणं, १९९४ चं. आप्पा गाडीतनं उतरून आधी तिथंच उभे राहिले, भर उन्हात, टोपी घालून. "हे पडलंय का?" नाही. "गळतंय?" नाही. "मग सव्वीस सीझनमध्येच दुसरं कशाला?" मी म्हटलं आप्पा, आता ऊन लागतंय ना तुम्हाला, ह्याच्यासाठी. इथला उन्हाळा आणि बेसबॉलचा सीझन एकच, उघड्यावर बसून लोक भाजायचे, म्हणून छप्पर आणि एसी. मग खात्यातल्या माणसाचा पुढचा प्रश्न, पैसे कुणाचे. २०१६ ला आर्लिंग्टनच्या लोकांनी मतदान करून शहराच्या वाट्याचे ५० कोटी डॉलरपर्यंत मंजूर केले, त्यासाठी शहरातल्या विक्रीकरातला डॉलरमागं अर्धा सेंट, शिवाय हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांवरचा कर. आप्पांनी आत गेल्यावर दोन कोक घेतल्याची पावती मागून घेतली आणि अर्धा सेंटचा हिशोब केला. गाडी लावायला किती मोजले ते मी सांगितलं नाही, अजून सांगितलेलं नाही, हे पत्र छापून आलं तर कळेल.

गुडघ्याची मला भीती होती, ती फुकट गेली. गेटवरच एका बाईनं विचारलं व्हीलचेअर आणू का, आप्पा म्हणाले मी काय पेशंट आहे, पण सरकता जिना, लिफ्ट, प्रत्येक वळणावर हात धरायला कठडा आणि कुठंही टॉयलेट शोधत फिरावं लागलं नाही, हे त्यांनी स्वतःच नोंदवलं. आपल्याकडच्या एका मोठ्या मैदानावर त्यांना एकदा मॅच बघायला नेलं होतं तेव्हा पाण्याची बाटली गेटवर काढून घेतली, आत पाणी नाही आणि सिमेंटच्या पायऱ्या उतरताना दोन अनोळखी पोरांनी त्यांना धरून आणलं, तेव्हापासून ते मैदानावर गेले नव्हते. इथं भडंगाची पिशवी सिक्युरिटीवाल्यानं उजेडात धरून बघितली आणि परत दिली.

बसलो. गार. समोर हिरवंगार, पण ते गवत नाही, कृत्रिम आहे, हे कळल्यावर आप्पांचा चेहरा पडला. मग त्यांचं लक्ष भिंतीवर गेलं. आउटफिल्डच्या भिंतीवर अंतरं फुटात रंगवलेली असतात, डावीकडं ३२९, मध्ये ४०७, उजवीकडं ३२६. आयुष्यभर टेप धरलेला माणूस, ते म्हणाले, "३२९? कुठल्या शहाण्यानं मोजलं हे? ३३० करायला एक फूट जागा नव्हती होय?" हे मराठीत पण इतक्या मोठ्यांदा, की पलीकडच्या सीटवरच्या आजी वळल्या. ऐंशीच्या आसपासच्या असतील, डोक्यावर रेंजर्सची टोपी, मांडीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर कागद. कागदावर चौकोन आणि चौकोनात बारीक बारीक काहीतरी. आप्पांनी तो कागद बघितला आणि माझ्याकडं बघितलं. संपादकसाहेब, मी तुम्हाला सांगतो, चाळीस हजारांच्या स्टेडियममध्ये माझ्या बापाला एका मिनिटात दुसरा स्कोअरर सापडला.

मी प्रश्न इंग्रजीत करून सांगितला आणि आजी खूश झाल्या. ३२९ मधले २९ म्हणजे एड्रियन बेल्ट्रेचा जर्सी नंबर, नुकताच महिन्याभरापूर्वी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत गेलेला. ४०७ मधले ७ इव्हान रॉड्रिगेजचे, ते त्यांचे जुने विकेटकीपर, इथं कॅचर म्हणतात. ३२६ मधले २६ जॉनी ओट्स नावाच्या मॅनेजरचे. आणि होम प्लेटच्या, म्हणजे बॅट्समन उभा राहतो त्या जागेच्या मागे भिंतीपर्यंतचं अंतर ४२ फूट, ते जॅकी रॉबिन्सनसाठी, बेसबॉलच्या मेजर लीगमधली गोऱ्यांची मक्तेदारी १९४७ ला मोडून खेळायला उतरलेला काळा खेळाडू, त्याचा ४२ नंबर आता कुठल्याच टीममध्ये कुणाला देत नाहीत. आप्पा सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे मोजमाप बरोबर आहे." ही त्यांची सगळ्यात मोठी दाद.

मग मला कुणी विचारलंच नाही. आजी टेक्सासचं इंग्रजी बोलणार, आप्पा सरकारी पत्रव्यवहाराचं इंग्रजी बोलणार, "मॅडम, काइंडली क्लॅरिफाय", मी मध्ये भडंग खात बसलो. आधी सगळं क्रिकेटमध्ये लावून बघणं झालं, सहा बॉलची ओव्हर नाही, तीन आउट झाले की डाव पालटला, असे नऊ डाव, पिचर म्हणजे त्यांचा बोलर, तो बॉलचा टप्पा पाडत नाही, रन काढायला चार बेसना, म्हणजे चार ठरलेल्या जागांना फेरी मारायची, आणि चार बॉल बाहेर गेले की बॅट्समन चालत पहिल्या बेसवर जातो. "न खेळताच रन?" रन नाही आप्पा, नुसता बेस. "म्हणजे वाइडच, पण चार साठवून." मला हे सुचलं नसतं.

बॉलच्या बाबतीत मात्र त्यांना धक्का बसला. जरा मातीला लागला की बॉल बदलतात. फाउल गेलेला बॉल आमच्या पुढं चार रांगांवर पडला, एका माणसानं एका हातात बिअर सांभाळत दुसऱ्या हातानं झेलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यानं तो शेजारच्या पोराला देऊन टाकला. आप्पा वाट बघत होते. अजून वाट बघत होते. "परत टाकत नाही तो?" नाही, ज्याला मिळाला त्याचा. आमच्या क्लबात वर्गणी काढून बॉल यायचा, गटारात गेला तर पोरं मनगटापर्यंत हात घालायची, आणि एकाच बॉलवर ऐंशी ओव्हर काढणाऱ्या खेळातनं आलेला हा माणूस, तो पुढची दहा मिनिटं बॉल मोजत होता, किती गेले, किती गेले. मग म्हणाले, असू दे, स्पिनर नाहीत ह्यांच्यात, जुन्या बॉलचं ह्यांना काय.

पिचक्लॉक आवडला. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय, बेसवर कुणी नसेल तर पंधरा सेकंदांत बॉल टाकायचा, असेल तर थोडे जास्त. त्याच्या आदल्या वर्षी मॅच सरासरी तीन तासांच्या वर जायची, ती एकदम दोन तास चाळीस मिनिटांवर आली. आप्पांनी स्वतःच्या घड्याळावर तपासून बघितलं. खाण्याबद्दल फार लिहीत नाही, दोन फुटी हॉट डॉग मिळतो, त्याला बूमस्टिक म्हणतात, तो घेऊन चाललेल्या माणसाकडं आप्पा पट्टीकडं बघावं तसं बघत होते.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या इनिंगला आजींनी एका चौकोनात इंग्रजी के लिहिला. नंतर एकदा के लिहिला पण उलटा, आरशात बघितल्यासारखा. आप्पांना वाटलं चूक झाली, ते मला हळूच म्हणाले, वय झालंय बिचारीचं. म्हणून विचारलं तर के म्हणजे तीन स्ट्राइक, म्हणजे तीन चांगले बॉल वाया घालवून आउट, बॅट फिरवून चुकला तर सरळ के आणि नुसता बघत उभा राहिला तर उलटा के. नुसता बघत उभा राहिला! आप्पांनी मांडीवर थाप मारली. आपल्याकडं बोल्ड म्हणजे बोल्ड, बॅट वर करून सोडलेला असो नाहीतर बॅट फिरवायला गेलेला असो, वहीत दोन्ही सारखेच दिसतात, "आणि इथं बघ, आउट कसा झाला हेच नाही, काय करताना आउट झाला ते पण लिहून ठेवलंय." मग एक डबल प्ले झाला, एका बॉलवर दोघं आउट, आजींनी लिहिलं ६-४-३. प्रत्येक फील्डरला नंबर असतो, पिचर १, कॅचर २, असं करत उजव्या टोकाचा ९. म्हणजे शॉर्टस्टॉपनं, सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फील्डरनं उचलला, सेकंड बेसवाल्याला दिला, त्यानं फर्स्ट बेसवाल्याला दिला. तीन आकडे आणि डोळ्यांपुढं पूर्ण सीन. आप्पांनी माझ्या खिशातनं पेन काढून घेतलं.

त्यांनीही देणं दिलं मग. भडंगाच्या पिशवीबरोबर आईनं दिलेल्या पेपर नॅपकिनवर त्यांनी सहा टिंबं काढली, मेडन ओव्हर, ती टिंबं जोडली की एम होतो, आणि त्यात विकेट पडलेली असली तर तीच टिंबं डब्ल्यू करून जोडायची. आजींनी चष्मा काढून नॅपकिन जवळ धरला आणि म्हणाल्या, सुंदर आहे हे. मी आयुष्यात कितीतरी वेळा तो एम बघितलाय, माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं की ते सुंदर आहे. नॅपकिन त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

सातव्या इनिंगला सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि गाणं सुरू झालं, तिथली रीतच आहे ती, पाय मोकळे करायची. आप्पांना वाटलं राष्ट्रगीत परत सुरू झालं, ते टोपी काढून सावधानमध्ये उभे राहिले, शेजारची पोरं डोलत होती. मी सांगितलं नाही. आजींनीपण नाही सांगितलं, त्यांनी स्वतःची टोपी काढली.

गाणं संपल्यावर आप्पांनी त्यांना निंबाळकरांची गोष्ट सांगितली, ती ते जगात कुणालाही सांगतात. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड, आमच्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ नाबाद, टीमच्या ४ बाद ८२६, ब्रॅडमनचा विक्रम ४५२ चा, तो मोडायला दहा रन पाहिजेत, आणि काठेवाडचा कॅप्टन, राजकोटचे ठाकोरसाहेब, पुढं खेळायलाच नाही म्हणाले, मॅच सोडून दिली. आप्पांचा जन्मही त्याच सालचा, त्यामुळं तो त्यांना घरचाच अन्याय वाटतो. आजींनी शांतपणे विचारलं, मग स्कोअररनं काय लिहिलं. आप्पा म्हणाले, "नॉट आउट, मॅडम. व्हॉट एल्स."

मॅच कोण जिंकलं ते आप्पांच्या वहीत आहे, मला खरंच आठवत नाही.

घरी येताना गाडीत एकच प्रश्न, हे के आणि चौकोन काढले कुणी. रात्री शोधलं तर हेन्री चॅडविक नावाचा गृहस्थ, जन्म १८२४, इंग्लंडमधल्या एक्झेटरचा, लहानपणी आईबापाबरोबर अमेरिकेत आला आणि इथं न्यूयॉर्कच्या पेपरांसाठी बातम्या द्यायचा, कसल्या, तर क्रिकेटच्या! हो, तेव्हा इथं क्रिकेट जोरात होतं, अमेरिका आणि कॅनडा यांच्यातली मॅच १८४४ ला न्यूयॉर्कला झालेली, ॲशेस वगैरेच्या कितीतरी आधी. मग त्याला बेसबॉलचा नाद लागला आणि क्रिकेटच्या धावफलकाचाच साचा घेऊन त्यानं बेसबॉलचा तक्ता बसवला, १८५९ च्या सुमारास, पेपरात छापता येईल असा. के पण त्याचाच, स्ट्रक या शब्दातलं शेवटचं अक्षर. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये १९३८ ला त्याला घेतलं. आप्पा ऐकत होते, म्हणाले, "म्हणजे आपल्यातलाच निघाला. पेपरवाला होता?" पेपरवाला होता. "तरीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर डायनिंग टेबलावर दोनशे पानी वही, पट्टी, आणि चौकोन आखणं चाललेलं. बेसबॉलच्या सीझनमध्ये एका टीमच्या १६२ मॅचेस असतात, जवळजवळ रोज मॅच, आणि आप्पांना रोज पाहिजेच होतं काहीतरी. टीव्हीपुढं संध्याकाळी सात ते साडेनऊ, उलटे के सरळ के, आई म्हणायची, "झालं, ह्यांचं इथं पण सुरू झालं," पण चहा स्वतःच नेऊन द्यायची. खिडकी रिकामी झाली. त्या आजी परत भेटल्या नाहीत, नाव विचारायचं राहिलं, त्याची मला रुखरुख आहे, आप्पांना नाही, ते म्हणतात अक्षर लक्षात आहे. नोव्हेंबरात परत जाताना दोन वह्या भरलेल्या, त्या चेक-इन बॅगेत टाकायला तयार नव्हते, केबिनमध्ये घेऊन गेले. लोणच्याची बरणी राहिली.

आता माझं मागणं. आप्पा कोल्हापूरला पोचले, दुसऱ्या दिवशी आपला पेपर उघडला, रणजीची मॅच चालू होती, बातमी होती एक परिच्छेद. कुणाची तरी झुंजार खेळी, कुणाचा तरी भेदक मारा, पहिल्या डावात आघाडी. बास. तीन नंबरला कोण आला, किती बॉल खेळला, एक्स्ट्रा किती, विकेटा कितीवर पडल्या, काही नाही. क्लबांच्या आणि शाळांच्या मॅचेसचं तर विचारूच नका, विजयी टीमचा फोटो आणि शेजारी करंडक देणारे पाहुणे, त्यांची नावं मात्र पूर्ण, सगळ्यांची, पदासकट. आमच्या माळ्यावर एका ट्रंकेत आप्पांनी कापून ठेवलेली तुमच्याच पेपरातली धावफलकं आहेत, जिल्ह्याच्या मॅचेसचीसुद्धा, एकेका ओळीत बॅट्समन, कॅच कुणाचा, बोलर कोण, रन किती. त्यात एके ठिकाणी माझं पण नाव आहे, शून्य, धावबाद. चाळीशी ओलांडली मी, माझं नाव पेपरात आजवर तेवढंच एकदा आलंय.

मला माहितीये तुम्ही म्हणाल सगळं नेटवर असतं. रणजीचं असतं, मान्य. शास्त्रीनगरच्या मैदानावर रविवारी झालेल्या मॅचचं कुठल्या नेटवर असतं ते सांगा. पूर्वी मॅच संपली की आप्पा स्वतः सायकलवरनं धावफलक तुमच्या कचेरीत आणून द्यायचे आणि आत बसलेले उपसंपादक आकडे जुळतात का ते बघूनच घ्यायचे, एकदा एक रनाचा फरक निघाला तर आप्पांना परत पाठवलं होतं, ती गोष्ट आप्पा अजून अभिमानानं सांगतात, फरक उपसंपादकांनी पकडला याचा अभिमान. आणि जागेचं कारण सांगू नका, धावफलकाला लागते किती जागा, चार बोटं. फोटोतल्या पाहुण्यांपैकी डावीकडचे दोघं कमी केले तरी बसेल.

दर सोमवारी एक, एवढंच म्हणतो मी. जिल्ह्यातली कुठलीही एक मॅच, शाळेची असली तरी चालेल, पूर्ण धावफलक, दोन्ही डाव, विकेट पडल्याच्या धावसंख्येसकट. आणून द्यायला माणूस नसेल तर आप्पा तयार आहेत, आता सायकल नाही, रिक्षानं येतील, आकडे जुळवून आणतील, मानधन पूर्वीचंच. टाइप बारीक असला तरी हरकत नाही म्हणालेत, भिंग आहे त्यांच्याकडं.

आपला,
एक वाचक
अर्विंग, टेक्सास (मूळ कोल्हापूर)

ता.क. : आप्पांचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. बेसबॉलमध्ये सेकंड बेसवाला ४, थर्ड बेसवाला ५ आणि त्या दोघांच्या मध्ये उभा राहणारा शॉर्टस्टॉप ६, तर मधला सोडून नंबर पुढं उडी मारून परत मागं का येतो. फोनवर दर रविवारी विचारतात. आपल्या क्रीडा विभागात कुणाला माहीत असेल तर धावफलकाच्या खाली एका ओळीत छापावं.